सासऱ्यांची उचकी

आमच्या घरातला सीडी प्लेअर वेराक्रूस बंदराच्या खाऱ्या हवेने आतून गंजून मेला, तेव्हा मला अजिबात वाईट वाटले नाही. उलट नवीन काहीतरी घ्यायला निमित्त मिळाले म्हणून मी मनातून खूशच होतो. खरे म्हणजे त्या दिवशी मी त्या डब्याचे पाय धरायला हवे होते. चालू वस्तूची किंमत ती बंद पडल्यावर कळते म्हणतात. मला बंद पडल्यावरही महिनाभर कळली नाही.

मी रूपेर्तो मालपिका. बंदरावरच्या जकात कचेरीत सव्वीस वर्षे शिक्के मारतो आहे. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढे जी काही शोभा झाली ती एका जबाबदार माणसाची झाली, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहावे.

तर माझ्या सासूबाई, ज्यांना गाव मानाने दोन्या लिब्राडा म्हणते, ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. माझी बायको एदेल्मिरा हिने जाहीर केले, की रविवारी संध्याकाळी गल्लीपलीकडच्या बागेत आईसाठी दान्सोनचा कार्यक्रम करायचा. आईच्या नाचमंडळाची सगळी म्हातारी माणसे बोलवायची, माझ्या मावसबहिणी मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले भरले तमाल करतील आणि रूपेर्तो फक्त संगीताचे बघेल. ‘फक्त’ हा शब्द बायकोच्या तोंडून आला की शहाण्या माणसाने सावध व्हावे. मी झालो नाही.

सासूबाईंची अट एकच होती. "जावईबापू, संगीत त्याचंच हवं," त्या म्हणाल्या. "त्याचं असेल तर मी नाचेन. नाहीतर खुर्चीत बसून केक खाईन आणि घरी येईन."

‘तो’ म्हणजे माझे कैलासवासी सासरे, क्रिसोफोरो. एकेचाळीस वर्षे त्यांनी दान्सोनच्या वाद्यवृंदात तिंबाल वाजवले. तिंबाल म्हणजे तोंडे वर करून ठेवलेले दोन मोठे ताशेच समजा. दान्सोन हा जोडीने नाचायचा प्रकार, आणि वाजवणाऱ्याच्या बायकोला जोडीदार नसतो, कारण तो वर मंचावर असतो. त्यामुळे सासूबाई एकेचाळीस वर्षे नाचघराच्या तिसऱ्या खांबापाशी पंखा घेऊन बसल्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या ठेक्यावर गावातल्या बाकीच्या बायका नाचल्या. दुसऱ्या कुणाबरोबर त्या नाचल्या नाहीत. "तो वर घाम गाळतोय आणि मी खाली दुसऱ्याच्या हातात हात देऊ?" असे त्यांचे म्हणणे. सासरे गेल्यावर मात्र त्या नाचमंडळात शिरल्या आणि दहा वर्षांत सगळ्यांना मागे टाकून बसल्या.

सासऱ्यांचे एकच ध्वनिमुद्रण आहे, तेही एका भांडणामुळे झालेले. त्या संध्याकाळी नाचघरात दोन वाद्यवृंद होते. पहिला थांबला की दुसऱ्याची पाळी, असे ठरले होते. सासऱ्यांच्या वाद्यवृंदाने मग थांबायचेच नाही असे ठरवले. एक दान्सोन संपतोय तोवर सासरे तिंबालवर काड्यांची पावसासारखी अखंड सर धरायचे, बाकीचे वादक त्या आडोशाला घाम पुसून पान उलटायचे आणि पुढचा दान्सोन सुरू. असे सात दान्सोन, सव्वीस मिनिटे, एकाही श्वासाची फट नाही. दुसरा वाद्यवृंद वाट बघून घरी गेला. पुढे नाचघराच्या मालकांनी त्याची सीडी काढली, तेव्हा सोयीसाठी तिचे सात तुकडे पाडले. सीडी प्लेअरवर ते तुकडे कधी कळलेच नाहीत. एक संपून दुसरा लागल्याचे फक्त त्या डब्यावरच्या आकड्याला माहीत.

मी ऐटबाज असा एक डिजिटल प्लेअर आणला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्याबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तिका मी सुज्ञ माणसाप्रमाणे लगेच कामी लावली. जेवणाचे टेबल वर्षभर डुगडुगत होते, ते थांबले. सीडी त्यात उतरवली, घरच्यांना बोलावले आणि बटण दाबले.

पहिला दान्सोन छान वाजला. शेवटी सासऱ्यांची सर सुरू झाली आणि मधेच तुटली. खोलीत शांतता. शेजारच्या घरातून पोपट ओरडलेला ऐकू आला. मग अर्धवट कापलेल्या सरीच्या शेपटासह दुसरा दान्सोन लागला. असे सहा वेळा झाले.

"हा माझा नवरा नाही," सासूबाई म्हणाल्या. "हा उचकी लागलेला कुणीतरी दुसरा आहे."

"सासूबाई, फक्त दोन सेकंदांचं तर अंतर आहे."

"जावईबापू, ती सर धरताना त्याला कागद बघावा लागायचा नाही. वर मान करायचा आणि तिसऱ्या खांबाकडं बघायचा. त्या संध्याकाळी सहा वेळा बघितलं त्यानं. बाकीचा सगळा दान्सोन लोकांचा. तेवढाच माझा होता." त्या उठल्या. "तुमच्या यंत्रात सहाही वेळा तो डोळे मिटतो."

सासऱ्यांना उचकी लावणारा जावई म्हणून मला त्या रात्री जेवण गेले नाही. निदान दुसरी वाढणी तरी गेली नाही.

आमचे शेजारी सामुदिओ एअर कंडिशनर दुरुस्त करतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना इंजिनिअर म्हणते. ते मला कॉफीला घेऊन गेले. "अहो शेजारी, सोपं आहे," ते म्हणाले. "संगीत यात सारख्या मापाच्या पेट्यांतून भरलेलं असतं. शेवटची पेटी पूर्ण भरत नाही. मग आंब्याच्या पेटीत उरल्या जागेत पेंढा कोंबतात, तशी ते त्यात शांतता कोंबतात. तुमच्या सासऱ्यांच्या पायाशी पेंढा आहे." हे मला पटले. दुर्दैवाने त्यानंतर ते थांबले नाहीत. उचकी नेमकी कुठे येते हे दाखवायला त्यांनी चमचा घेतला आणि कॉफीच्या पेल्यावर ठेका धरला. आमच्याकडे पेल्यावर चमचा वाजवला की वाढप्याने किटली घेऊन यायचे आणि गरम दूध ओतायचे, हा रिवाज. वाढपी आला, त्याने ओतले. सामुदिओंनी दुसरा दान्सोन वाजवला. वाढप्याने पुन्हा ओतले. चौथ्या दान्सोनला दूध बशीतून माझ्या पँटवर उतरले होते आणि वाढपी म्हणत होता, "काका, तुम्ही एकदा ठरवा काय ते."

सामुदिओंचा पहिला उपाय होता नवीन वायर. वायर बदलली. उचकी तशीच, पण आता ती अधिक स्पष्ट ऐकू यायला लागली. दुसरा उपाय होता यंत्रातली एक सोय, जिच्यात एक गाणे विरत जाते आणि दुसरे त्याच्यावर हळूहळू चढत येते. ही युक्ती लागू पडली असे मला वाटले. शांतता गेली. सासूबाईंना ऐकवले.

"हे काय, कुठं चाललाय तो?" त्यांनी विचारले.

"विरत जातोय. म्हणजे पुढचं गाणं—"

"माझा नवरा कधी हळूहळू विरत गेला नाही. मेला तोसुद्धा शेजारच्यांना जागं करून. आणि हा दुसरा कोण त्याच्या उरावर चढून वाजवतोय?"

सामुदिओंचा तिसरा उपाय म्हणून सगळे इंटरनेटवर चढवून तिथून वाजवले. तिसऱ्या आणि चौथ्या दान्सोनच्या मध्ये एका बाईने अत्यंत गोड आवाजात बद्धकोष्ठावरचे औषध सुचवले. सासूबाई उठून भांडी घासायला निघून गेल्या, आणि ते जास्त लागले.

दरम्यान बागेत ध्वनिवर्धक लावायला नगरपालिकेचा परवाना हवा होता. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे निर्धास्त होतो. तीन नंबरच्या खिडकीवर ओरालिया नावाच्या पदवीधरबाई होत्या. आमच्याकडे कचेरीतल्या खुर्चीला ‘पदवीधरबाई’ म्हटल्याशिवाय ती मान वर करत नाही.

"किती तुकडे?" त्यांनी विचारले.

"सात, पदवीधरबाई."

"थांबून थांबून की सलग?"

"सलग," मी अभिमानाने म्हणालो. "एका श्वासात सव्वीस मिनिटं."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मग तुम्ही चुकीच्या खिडकीवर आलात. पंधरा मिनिटांच्या वर सलग वाजतो तो आवाज. आवाजाची खिडकी अकरा नंबर. तिथं बर्फाच्या कारखान्याचा अर्ज भरावा लागेल, आणि शेजारच्या चाळीस लोकांच्या सह्या."

"अहो पण हे संगीत आहे."

"मधे थांबलं तर संगीत. नाही थांबलं तर आवाज. नियम मी केलेला नाही."

हे शेवटचे वाक्य मी माझ्या खिडकीवर सव्वीस वर्षे म्हणत आलो आहे. खिडकीच्या दुसऱ्या बाजूने ते कसे लागते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मग डोक्यात प्रकाश पडला. माझे यंत्र थांबतेच आहे की! मी अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘तुकडे सात, विश्रांती सहा.’ आयुष्यात सरकारी कागदावर मी इतके खरे कधी लिहिले नव्हते, आणि तेच अंगाशी यायचे होते.

"रविवारी मी स्वतः घड्याळ घेऊन येईन," शिक्का मारता मारता पदवीधरबाई म्हणाल्या. "विश्रांती मला दिसली पाहिजे."

आता नाचमंडळाचे मास्तर फिदेन्सिओ यांच्याबद्दल सांगितले पाहिजे. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा सदरा, पांढरे बूट, आणि ठेका चुकणाऱ्याकडे ते डॉक्टर जसे रिपोर्टकडे बघतात तसे बघतात. दान्सोनमध्ये ठरावीक जागी नाच थांबवायचा असतो. धून परत आली की जोड्यांनी हात सोडायचे, वाद्यवृंदाकडे तोंड करून उभे राहायचे, बायकांनी पंख्याने वारा घ्यायचा आणि नेमक्या मात्रेवर पुन्हा पाऊल टाकायचे. ज्याला थांबता येत नाही त्याला दान्सोन येत नाही, असे इथे शेंबडे पोरही सांगेल. मास्तरांनी रोजच्या तालमीसाठी माझे यंत्र मागून नेले. उचकी ऐकल्यावर ते तक्रार करतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"विश्रांती आहे ही," ते म्हणाले. "जुनी पद्धत असणार. क्रिसोफोरो जाणकार माणूस होता."

"मास्तर, ती यंत्राची चूक आहे."

"मालपिका, तुम्ही शिक्के मारा."

झाले. तीन आठवडे चौदा जोड्यांनी ती उचकी बसवली. पहिला दान्सोन संपता संपता सर सुरू झाली की हात सोडायचे, यंत्राकडे तोंड करायचे, बायकांनी पंखा उघडून तीनदा हलवायचा, फट्, फट्, फट्, आणि नवी धून लागली की पहिल्या मात्रेवर पाऊल. मास्तरांची जोडीदार म्हणून सासूबाईंचे नाव होते, पण त्या तालमीला फक्त एकदाच गेल्या आणि बाकावर बसून परत आल्या. मंडळाला वाटले, पाय दुखत असतील. पाय दुखत नव्हते. घरी त्यांनी पांढरा पोशाख कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवून दिला आणि एदेल्मिराला सांगितले, "केक जरा मोठा सांग. मला बसून खायचाय."

त्यानंतर एदेल्मिरा माझ्याशी कामापुरतेच बोलू लागली.

रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी ती घर झाडत होती. टेबलाखाली केरसुणी घालताना तिने ती माहितीपुस्तिका ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागले. ती तिथेच जमिनीवर बसून वाचू लागली. मी दाढी करत होतो.

"रूपेर्तो," तिने आतून हाक मारली. "पान एकसष्ट."

"काय आहे?"

"‘तुकड्यांमधील अंतर ठेवावे की ठेवू नये.’ कारखान्यातूनच ‘ठेवावे’ वर लावून पाठवलंय. तू बदललं होतंस ना?"

मी गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो. तिने माझ्याकडे बघितले, मास्तरांकडून परत आलेले यंत्र उचलले, एक बटण दोनदा आणि दुसरे एकदा दाबले. बस्स, तेवढेच. पेंढ्याची आणि पेट्यांची सगळी विद्या, सामुदिओंच्या वायरी, दुधात भिजलेली पँट, सगळे त्या तीन दाबांत संपले. पहिल्या दान्सोनचा शेवट लागला. सर सुरू झाली, चढली, वळली आणि कुठेही न अडखळता दुसऱ्या दान्सोनमध्ये उतरली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सासूबाई ओल्या हातांनी दारात आल्या. पुढची सर येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या आणि ती संपल्यावर एदेल्मिराला म्हणाल्या, "माझ्या पोशाखाला इस्त्री कर."

मला इतका आनंद झाला की मी टेबलाला टेकलो आणि टेबलासकट कलंडलो.

"आता मास्तरांना आणि सगळ्यांना सांगून ये, की मधे थांबायचं नाही," एदेल्मिरा म्हणाली.

मी हो म्हणालो. सांगायला निघालोही. पण सांगायचे काय? तीन आठवडे तुम्ही जी विश्रांती बसवलीत ती एकसष्टाव्या पानावर होती, आणि एकसष्टावे पान माझ्या टेबलाखाली होते, हे? मास्तर फिदेन्सिओंना? वाटेत मी ठरवले की बागेत हळूच कानात सांगू. बागेत पोचलो तर ध्वनिवर्धकाशेजारी पदवीधरबाई ओरालिया हातात घड्याळ आणि कागद घेऊन उभ्या. त्यांच्यासमोर ‘आता थांबायचे नाही’ म्हणायचे म्हणजे संगीताचा आवाज झाला आणि परवाना बाद. मी मास्तरांकडे बघून भुवया वर-खाली केल्या. त्यांनी मला हात केला आणि तोंड फिरवले.

संध्याकाळ छान होती. चौदा जोड्या उभ्या राहिल्या. सासूबाई पांढऱ्या पोशाखात, केसात फूल, मास्तरांच्या हातात हात. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे मोठ्याने पुकारले, "मंडळी, हा दान्सोन दोन्या लिब्राडा यांना, आणि त्यांच्यासोबत आज इथं जमलेल्या सगळ्यांना!" मी बटण दाबले आणि मनात म्हटले, आता जे होईल ते होवो.

पहिला दान्सोन निर्विघ्न गेला. शेवट जवळ आला. सासऱ्यांची सर सुरू झाली.

सगळे थांबले. चौदा जोड्यांनी हात सोडले आणि ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे माझ्याकडे, तोंड केले. पंखे उघडले. फट्, फट्, फट्. मास्तरही सासूबाईंचा हात सोडून ताठ उभे राहिले. आणि शांतता आलीच नाही. तिंबाल वाजतच राहिले. पंखे हवेत अडकले. नवी धून लागल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हा नियम, त्यामुळे कुणाला हलता येईना. सगळी बाग पुतळ्यांची झाली आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले.

सासूबाई थांबल्या नाहीत. मास्तरांनी सोडलेला उजवा हात तसाच समोर धरलेला, डावा हात खांद्याच्या उंचीवर टेकवलेला, फक्त खाली खांदा नव्हता. डोळे मिटलेले. फरशीच्या दोन चौकोनांत, सरकत सरकत, त्या काड्यांच्या सरीवर त्या नाचत होत्या. सर संपली, धून लागली, जोड्या पहिल्या मात्रेवर सुटल्या आणि सासूबाईंचा हात पुन्हा मास्तरांच्या हातात गेला. पुढच्या सरीला पुन्हा तेच, आणि असे सहा वेळा झाले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, हे मी इथे लिहून टाकतो. घरी मी समुद्राच्या वाऱ्याने वाळू गेली असे सांगितले आहे.

"विश्रांती सहा," शेजारी पदवीधरबाई पुटपुटल्या आणि कागदावर खूण केली. "अर्जाप्रमाणे." घड्याळ पिशवीत टाकून त्यांनी भरल्या तमालची थाळी घेतली.

संगीत संपल्यावर मास्तर रुमालाने मान पुसत आले. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. "विश्रांती जरा लांबली, पण भारदस्त झाली," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारपासून अशीच ठेवू. तुमच्या सासूबाईंना मात्र समजवा. या वयात सहाच्या सहा विश्रांती मोडल्या त्यांनी." आता दर गुरुवारी आमच्या बागेत चौदा जोड्या सासऱ्यांच्या सरीला माना ताठ करून उभ्या असतात, आणि गेल्या महिन्यात मी चुकून पाऊल टाकले तर मास्तरांनी मला भर बागेत बाजूला काढले. पण ते नंतरचे.

त्या संध्याकाळी सासूबाई बाकावर केक खात बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सासूबाई, माझं चुकलं. मी सगळ्यांना आधी सांगायला हवं होतं. नेमक्या त्याच जागी सहाही वेळा सगळे थांबले."

त्यांनी बोटावरची साखर पुसली. "बरं झालं थांबले," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघांना फरशी मोकळी मिळाली."